पिंपाखालचा माणूस

आमच्या घरी मला फौजदार म्हणायचे. दूधवाला पाणी घालतो हे चाळीत सगळ्यांच्या आधी मी ओळखलं होतं, आणि ज्या काकू आमच्याकडे साखर मागायला यायच्या त्या साखरेसाठी येत नाहीत, बातम्यांसाठी येतात, हेही. संशय घेणं हा माझा स्वभाव होता आणि मला त्याचा चक्क अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिणार आहे त्यात माझ्या बाजूने बोलण्यासारखं फारसं काही नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही लालबागची खोली सोडून मुलुंड पूर्वेला राहायला गेलो. आम्ही म्हणजे आई, बाबा आणि मी. बाबांची गिरणी बंद पडल्यावर ते भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले होते. मी अंधेरीच्या एका कंपनीत टायपिस्ट होते आणि पवईवरून जाणाऱ्या बसने मला तासाभरात पोचता येणार होतं. घर मीच शोधलं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि घरातल्या घरात संडास. सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभं राहण्याचा मला इतका वीट आला होता की बाकीचं घर नीट न बघताच मी बाबांना सांगितलं, हेच घ्यायचं.

घर नवं नव्हतं. एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. त्यांचे यजमान वारले होते, मुलाने घाटकोपरला मोठी जागा घेतली होती, म्हणून त्या तिकडे निघाल्या होत्या. मी त्यांना बाई म्हणायचे. उंच, किडकिडीत, इस्त्रीची सुती साडी, आणि बोलताना समोरच्याकडे शाळेत बघावं तसं रोखून बघणाऱ्या. किल्ल्या हातात देताना त्या आईला म्हणाल्या, "घर चांगलं आहे हो. फक्त स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यात जड काही ठेवू नका."

"का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्न कोणी विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. "का म्हणजे? नका ठेवू," एवढंच म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मी तेव्हाच मनात नोंद केली. ज्या गोष्टीचं कारण सांगत नाहीत, तिच्यात काहीतरी काळंबेरं असतं. मी लादी ठोकून बघितली, भिंतीला ओल आहे का बघितलं. काही दिसलं नाही. पाणी सकाळी तासभर यायचं, साठवायला मोठं पिंप लागायचं, आणि ते ठेवायला नळाजवळचा तोच एक कोपरा मोकळा होता. आम्ही तिथे पिंप ठेवलं.

घरात शिरताना आईने दूध उतू घालवलं, पुढच्या आठवड्यात सत्यनारायण घातला. आम्हाला एवढंच माहीत होतं. गावचं घर बाबांच्या आजोबांच्याही आधीचं, ते बांधताना काय काय केलं हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आणि चाळीतली खोली म्हणजे भाड्याची, तिथे कोण कशाला काय करतंय? स्वतःच्या मालकीच्या घरात शिरणारे आमच्या घराण्यातले आम्हीच पहिले होतो.

पंधरा दिवसांनी आई म्हणाली, "ह्या घरात कोणतरी आसा."

मी कामावर निघाले होते, एक पाय चपलेत होता. "कोण आहे?"

"ता माका म्हायत नाय. दुपारी मी भांडी घासतंय ना, तेव्हा पाठीमागे येवन उभो रवता. वळान बघलंय तर कोण नाय. वायट न्हय तो. पण आपल्यातलो न्हय."

मी हसले. पण आई हसत नव्हती. चाळीत दार कधी बंद नसायचं. भाजी निवडायला बसली तरी चार बायका भोवती जमायच्या, आणि कोणी शिंकलं तर तिसऱ्या खोलीतून आवाज यायचा. इथे बाबा आणि मी सकाळी गेलो की संध्याकाळपर्यंत आई त्या तीन खोल्यांत एकटी. समोरच्या ब्लॉकमधले नवराबायको दोघंही नोकरीवाले, त्यांच्या दाराला कुलूप. मी मनाशी म्हटलं, सवय नाही, दुसरं काय. महिनाभरात होईल सवय.

झाली नाही. उलट ती दुपारची स्वयंपाकघरात जायला टाळाटाळ करू लागली. मी घरी आले की सकाळची भांडी तशीच पडलेली आणि आई बाहेरच्या खोलीत दाराला पाठ लावून बसलेली. खाणं कमी झालं. एक दिवस तिने सरळ सांगितलं, "माका गावाक धाड. तुम्ही दोघां रवा हय."

आता या बोलण्याचा अर्थ काय होतो हे मला पक्कं ठाऊक होतं. आई गावाला गेली की बाबा चार-सहा महिन्यांत तिच्या मागे जाणार. मग तेवीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलीला त्या ब्लॉकमध्ये एकटीला कोण राहू देणार होतं? घर विकलं जाणार, आणि मला घाईघाईत कोणाच्या तरी गळ्यात बांधणार. तेव्हा आई त्या घरात राहते की नाही यावर माझं सगळं अवलंबून होतं. मी तिला समजावलं, रागावले, गोडीगुलाबीने घेतलं. ती एवढंच म्हणायची, "तू दुपारची घरात रव एकदा. मगे बोल."

आणि तसं एकदा झालं. मला ताप होता म्हणून रजा टाकली होती. आई रेशनला गेली होती. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, पिंपातून गडू भरला आणि तिथेच उभी राहिले. दोन-अडीचची वेळ. खिडकीतून ऊन थेट लादीवर पडलं होतं. कुठे कसला आवाज नाही. आणि मला स्पष्ट वाटलं की इथे मी एकटी नाही. कोणीतरी आहे, जवळच आहे, आणि त्याचं माझ्याकडे लक्ष आहे. मी गडू ठेवून आधी खिडकी बघितली, समोरच्या बिल्डिंगमधून कोणी डोकावतंय का ते बघितलं. मग दाराची कडी बघितली. मग संडासात बघितलं. फौजदारच ती. कोणी नव्हतं. तापात असं होतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि आईला मात्र याबद्दल एक अक्षर बोलले नाही. बोलले असते तर ती दुसऱ्याच दिवशी एसटीत बसली असती.

खरं म्हणजे भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. माणसाच्या वाईट हेतूवर मात्र पूर्ण होता. म्हणून माझं लक्ष बाईंकडे गेलं.

कारण बाई येत होत्या. पहिल्यांदा आल्या ते त्यांचं काही टपाल आलंय का बघायला. दुसऱ्यांदा, जाताना कुंडी विसरली होती ती न्यायला. तिसऱ्यांदा, "सहज इकडे आले होते" म्हणून. घाटकोपरहून मुलुंडला सहज कोण येतं? आणि दर वेळी त्या पाणी मागायच्या, दर वेळी "राहू दे, मीच घेते" म्हणून स्वयंपाकघरात शिरायच्या. पहिल्या वेळी पिंप बघून त्यांचा चेहरा पडला. "इथेच ठेवलंत?" एवढंच म्हणाल्या. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या मागोमाग गेले, तर त्या वाकून पिंपाजवळच्या लादीला हात लावत होत्या. मला बघून पदर सावरला आणि आईला म्हणाल्या, "तुम्ही दुपारच्या एकट्याच असता का हो?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात ठणकन वाजला. एकटी असते का हे हिला कशाला हवंय? आई उत्तर द्यायला तोंड उघडते तोच मी म्हटलं, "नाही, कोणी ना कोणी असतं." बाई गेल्यावर मी आईला बजावलं की मी घरी नसताना ही बाई आली तर दार उघडायचं नाही. मी शेजारच्या गल्लीतून नवं कुलूपही आणून बसवलं.

पुढच्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन आले. त्यांच्या छताला आमच्या स्वयंपाकघरातून गळती होती. प्लंबर आला, पिंप रिकामं करून बाजूला सरकवलं आणि कोपऱ्यातली लादी उचकटली. पाइप कुठे फुटलाय ते बघायला त्याने खालची माती खरवडली आणि मग थांबला. "ताई," तो म्हणाला, "इधर कुछ है." आणि हात मागे घेऊन उठून उभा राहिला.

एक लहानशी तांब्याची डबी होती. हिरवी पडलेली. झाकण मीच काढलं. आत काळपट चिमूटभर काहीतरी, किडलेले दाणे, चार-पाच रंगीत खडे, आणि मधोमध बोटाच्या पेराएवढी माणसाची आकृती. पालथी. तोंड खाली, पाठ वर. आणि तिच्या अंगाला गुंडाळून बसलेले केस. बारीक, काळे, कुरळे केस.

आई दारातून बघत होती. तिने भिंतीला हात टेकला. "करणी," ती म्हणाली. "करणी केल्यान गो त्या बायेन."

आमच्या गावाकडे हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं. कोणाच्या उंबऱ्याखाली बाहुली सापडली, कोणाच्या माडाखाली केसांचा पुंजका सापडला आणि मग त्या घरात काय काय झालं. पालथी बाहुली, केस, खडे, सडकं धान्य. आईच्या दृष्टीने काही कमी नव्हतं. आणि माझ्या दृष्टीने तर सगळं प्रकरणच सुटलं. कोपऱ्यात जड ठेवू नका, कारण पुरलेलं दबायला नको. सारख्या येतात कशाला, तर ते जागेवर आहे ना बघायला. आई एकटी असते का विचारतात, कारण... कारण मला नीट जुळवता आलं नाही, पण तेवढ्याने माझं अडलं नाही. मनाविरुद्ध घर सोडावं लागलं, आपल्याला सुख नाही तर दुसऱ्यांनाही नको, असली ती बाई. मला भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर रागाच्या खाली मोठा आनंद झाला. माझा संशय बरोबर ठरला होता. शिवाय आता हे बाहेर काढलं की आई राहणार होती.

"टाकून ये खाडीत," आई म्हणाली. "आणि मागे वळान बघू नको."

शनिवारी अर्धा दिवस काम करून आल्यावर मी डबी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मिठागरांच्या बांधावरून चालत खाडीपर्यंत गेले. टाकायच्या आधी कागद सोडून ती आकृती एकदा सरळ करून बघितली. बघायला नको होतं, पण मी न बघता काहीच कधी टाकलेलं नाही. चेहरा शांत होता. हात जोडलेले होते. करणीच्या बाहुलीला हात कशाला जोडायला लावतील, असा प्रश्न मनात आला. तो मी तिथेच दाबला आणि डबी पाण्यात भिरकावली.

बाई त्यानंतर आठवड्याभरात आल्या. रविवार होता. मी दार अर्धंच उघडलं आणि उंबऱ्यात आडवी उभी राहिले.

"तुम्ही आमच्या घरात जे पुरून ठेवलं होतंत ते सापडलं आम्हाला," मी म्हटलं. जिन्यात सगळ्यांना ऐकू जावं अशा आवाजात म्हटलं. "शिकल्यासवरलेल्या बाई तुम्ही. लाज नाही वाटली? माझ्या आईने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

त्या गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. "सापडलं? कुठे आहे?"

"खाडीत. आणि पुन्हा इथे पाऊल टाकू नका."

वरच्या मजल्यावर कोणीतरी कठड्यावरून वाकून बघत होतं. खालच्या काकांचं दार उघडलं होतं. बाईंनी एकदा माझ्या खांद्यावरून आत आईकडे बघितलं. आईने पदर तोंडाला लावून मान फिरवली. मग बाई कठडा धरून एकेक पायरी उतरत गेल्या. निर्दोष माणूस गप्प बसेल का, असं मी त्या दिवशी बाबांना दहा वेळा विचारलं असेल. बाबा फक्त म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाक जिन्यात काय बोलाचा, काय नाय..." आणि शर्ट चढवून बाहेर निघून गेले.

आठवडाभर आई बरी होती. दुपारची भांडी घासू लागली. मी निःश्वास सोडला. आणि मग एका संध्याकाळी मी चहा घेत असताना ती म्हणाली, "आता कोण नाय."

"मग चांगलंच झालं ना!"

"चांगला झाला," ती म्हणाली. पण तिच्या तोंडावर चांगलं झाल्याचं काही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाली, "आदी कोणतरी बघता असा वाटायचा. आता कोणच बघना नाय. घर नुसता रिकामा वाटता." मग पुन्हा गावाची गोष्ट काढली. या वेळी तिने दिवसही ठरवला होता. भटजींना बोलावून घराची एकदा शांत करून घ्यायची, म्हणजे मागे राहणाऱ्यांना त्रास नको, आणि मग पुढच्या आठवड्यात एसटीने जायचं.

देवळातले भटजी यादी सांगायला आले. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसून एकेक जिन्नस सांगत होते आणि मी कागदावर उतरवत होते. नारळ, सुपाऱ्या, तांदूळ, खण. "सप्तधान्य," ते म्हणाले, "पंचरत्नांची पुडी मी आणीन. तांब्याची एक डबी. आणि थोडं शेवाळ."

माझं पेन थांबलं. "शेवाळ कशाला?"

"वास्तुपुरुषाच्या डबीत घालायला लागतं. विहिरीवरचं मिळालं तर उत्तम. ओलं नाही मिळालं तर वाळलेलं चालतं, काळं पडलेलं असलं तरी."

मी आईकडे बघितलं नाही. आईने विचारलं, "वास्तुपुरुस म्हणजे तो कसो असता?"

"लहानशी प्रतिमा असते हो. माणसासारखी. आग्नेयेला पुरायची, म्हणजे तुमच्या या कोपऱ्यात. लादी सैलच आहे, बरं झालं. आणि पालथी ठेवायची बरं का. तो घर पाठीवर घेऊन पडलेला असतो, त्याचं तोंड नेहमी खाली. घरचा मूळ मालक तो. आपण सगळे त्याच्या पाठीवर राहतो." आणि त्याच सुरात पुढे म्हणाले, "लिहा, दर्भ, हळकुंडं पाच."

संध्याकाळी घरात वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, हे आईने मला लहानपणापासून ऐकवलं होतं. पण तथास्तु म्हणणारा कुठे असतो, कसा दिसतो, हे तिलाही कोणी दाखवलं नव्हतं. दाखवायला आमचं घर होतं कुठे? आणि किल्ल्या देताना बाईंना हे सांगावंसं वाटलं नाही, कारण त्यांच्यात हे न सांगता प्रत्येकाला माहीत असायचं.

भटजी गेले. आई लादीकडे बघत खाली बसली. "मी तुका सांगितललंय," ती म्हणाली, "वायट न्हय तो." मग म्हणाली, "त्या बायेक आपण जिन्यात..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. आपण म्हणाली ती. बोलले होते मी एकटीच.

मी म्हटलं, तूही येतेस का माझ्याबरोबर? ती म्हणाली, "तू बोललंस, तूच जा."

घाटकोपरला बाईंच्या मुलाकडे मी गेले तेव्हा दार बाईंनीच उघडलं. मला बघून त्यांनी दार लोटलं नाही, हेच मला जास्त लागलं. आत घेतलं, पंखा लावला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आम्हाला माहीत नव्हतं, शेवाळ बघून केस वाटले, करणी वाटली, चुकले, माफ करा. रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही येत होता.

बाई म्हणाल्या, "बस. प्रतिमेचं काही नाही. नवी मिळते." मग समोर बसल्या. "मला त्या घरात जाऊन सहा महिने झाले होते तेव्हा मीही ह्यांना म्हटलं होतं, इथे कोणीतरी आहे. शाळा दुपारपर्यंतच असायची माझी. मग मी एकटी. ह्यांनी मला ती लादी दाखवली, म्हणाले, हा आहे, दुसरं कोण असणार. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलायची. आज काय भाजी आहे, कोणत्या पोराने काय उत्तर लिहिलं. तू हसशील."

मी हसले नाही.

"घर सोडताना त्याला सांगून आले होते, नवीन बाई येतायत, सांभाळ म्हणून. तुझ्या आईचा चेहरा मी पहिल्याच दिवशी ओळखला. गजबजाटातून आलेली बाई, दिवसभर एकटी राहणार. तिला मला एवढंच सांगायचं होतं की घाबरू नका, तो आपलाच आहे. पण असं काही चारचौघांत कसं बोलायचं? वेडी म्हणाल. म्हणून तिला एकटीला गाठायला बघत होते." त्या थांबल्या. "दर वेळी तू मधे उभी."

जे दोन वाक्यांत मिटलं असतं, ते मी आईपर्यंत पोचूच दिलं नव्हतं. मी म्हटलं, वास्तुशांतीला या, आई वाट बघेल. त्या म्हणाल्या, "बघू."

त्या आल्या नाहीत. नवा वास्तुपुरुष शेवाळाच्या गादीवर पालथा ठेवला, वर लादी बसवली. पिंप आम्ही संडासाच्या भिंतीशी नेलं. जेवायला माणसं येऊन गेली. आईने एक पान चार वाजेपर्यंत झाकून ठेवलं होतं. चारनंतर तिने ते स्वतः उचललं. माझ्याशी दिवसभर ती कामापुरतंच बोलली.

मंगळवारी सकाळी मी निघताना तिने माझ्या हातात कागद दिला. "त्यांचो पत्तो लिवन दी. मोठ्या अक्षरात. आणि बसचो नंबर."

"थांब, मी रविवारी येते तुझ्याबरोबर."

"तू नको," ती म्हणाली.

आईला वाचता येत नव्हतं, तो कागद लोकांना दाखवत ती जाणार होती. मुलुंडमध्ये ती रेशनच्या दुकानापलीकडे एकटी कधी गेली नव्हती. दिवसभर माझ्या हातून टायपिंगच्या चुका झाल्या, साहेब दोनदा ओरडले. चुकली असेल का, भलत्याच स्टॉपवर उतरली असेल का, आणि बाईंच्या सुनेने तिला दारातून हाकललं असेल का, जसं मी केलं होतं तसं? संध्याकाळी घरी आले तर आई पोळ्या लाटत होती. मी दारातच विचारलं, "काय झालं?"

"दार उघडल्यान," ती म्हणाली. आणि लाटणं थांबवलं नाही.

पुढच्या आठवड्यात एसटीचा दिवस आला आणि गेला. कोणी त्याचा विषय काढला नाही, मीही नाही. आई त्या घरात राहिली. पुढे माझं लग्न त्याच घरातून झालं.

पण त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदा मी कामावरून आले की दारातच मला काहीतरी जाणवायचं. घर बदललेलं असायचं. आईच्या आवाजात दिवसभर बोलल्याचा मोकळेपणा असायचा, स्वयंपाकघरातला पाट कोपऱ्याजवळ ओढलेला असायचा, आणि आमच्या चहा पिणाऱ्या घरात जायफळ घातलेल्या कॉफीचा वास भरून राहिलेला असायचा. बाई येऊन गेल्या होत्या. आईने हे मला कधी सांगितलं नाही, आणि जन्मात पहिल्यांदाच मी चौकशी केली नाही. नुसती त्या वासात थोडा वेळ उभी राहायची. मी लग्न होऊन जाईपर्यंत चार वर्षं हे चाललं. त्या चार वर्षांत मी घरी असताना बाई एकदाही आल्या नाहीत.